नाण्यावर काय लिहिलंय आणि आपण काय ठरवलंय: एका नाणेसंग्रहाचा डेटाबेस

संग्रह दोनेक हजार नाण्यांचा. ब्रिटिश भारतातले रुपये, आणे आणि पैसे हा त्यातला मोठा भाग. त्याशिवाय ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली चांदीची नाणी, शिवराया (शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी), थोडे मुघल रुपये, स्वातंत्र्यानंतरची चलनी नाणी आणि परदेशी नाण्यांचा एक वेगळा डबा. संग्राहक ज्येष्ठ, नजर तयार. नोंदी आधी वहीत होत्या, नंतर एक्सेलमध्ये आल्या. त्यांची मागणी एका वाक्याची होती: "नवं नाणं हातात आलं की हे माझ्याकडे आधीच आहे का, ते मला लगेच कळायला हवं."

त्या मागणीतून प्रोग्राम कसा उभा राहिला, ते इथे मांडतो आहे. पडद्यावरची बटणं आणि रंग यांबद्दल फारसं लिहिणार नाही. जे ठरायचं ते टेबलांच्या रचनेतच ठरलं.

"हेच नाणं" म्हणजे कोणतं?

मागणी साधी वाटते, पण "हे माझ्याकडे आहे का" यातलं "हे" किती नेमकं धरायचं? व्हिक्टोरियाचा कोणताही रुपया चालेल, की त्याच सालाचा हवा? की त्याच सालाचा आणि त्याच टांकसाळीचा?

संग्राहकांनीच उदाहरण दिलं. "१८६२ सालचे माझ्याकडे सहा रुपये आहेत आणि सहाही वेगळे आहेत." एक्सेलमध्ये त्या सहा ओळी शब्दशः सारख्या होत्या. देश तोच, राणी तीच, साल तेच, धातू तोच. फरक होता तो शेवटच्या 'शेरा' या रकान्यात: 'खाली दोन ठिपके', '२ टिंबं खाली', 'डॉट वर १', 'ठिपका नाही, नीट बघणे'. या रुपयांची गोष्ट अशी, की १८६२ हे साल ठशावर आलं आणि पुढे बरीच वर्षं तेच राहिलं. दर वर्षीचं खरं साल छापायला १८७४ पासून सुरुवात झाली. मधल्या वर्षांतले रुपये ओळखायचे ते तारखेजवळच्या ठिपक्यांवरून आणि चित्रातल्या बारीक फरकांवरून. म्हणजे ज्या गोष्टीसाठी हा माणूस सहा रुपये जपून ठेवतो, नेमकी तीच गोष्ट त्याच्या नोंदीत शोधता येत नव्हती.

'शेरा' हा रकाना मी आधी पूर्ण वाचून काढला. असं काम हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ते करावं, असं मला मनापासून वाटतं. माणसाला जे महत्त्वाचं वाटतं आणि ज्याला तक्त्यात जागा नसते, ते सगळं शेऱ्यात जाऊन बसतं. इथे त्यात ठिपके होते, कडेचं वर्णन होतं, 'कडी काढल्याची खूण', 'घासलेलं', 'वजन कमी वाटतं', 'शिवकालीन?' असं सगळं होतं. नव्या रचनेतले निम्मे रकाने मला त्या एका रकान्याने सुचवले.

तीन थर

रचनेचा पाया तीन टेबलांचा. पहिलं 'प्रकार': चित्र, दर्शनी मूल्य, धातू आणि ठरलेलं वजन यांचा एक संच. दुसरं 'वर्ष-टांकसाळ': त्या प्रकाराचं अमुक सालचं, अमुक टांकसाळीतलं नाणं, आणि गरज असेल तिथे त्याचा उपप्रकार. तिसरं 'नग': पाकिटात ठेवलेलं, हाताला लागणारं एक नाणं.

कोणती माहिती कोणत्या थरात जाते, हे ठरवायला एक प्रश्न पुरतो: हे बदललं तर किती नाण्यांसाठी बदलेल? रुपयाचं ठरलेलं वजन ११.६६ ग्रॅम, ते प्रकाराला लागू. माझ्या पाकिटातला रुपया ११.४८ ग्रॅम भरतो, ही नगाची गोष्ट. राजा तोच, मूल्य तेच, वजनही तेच, पण धातू बदलला तर प्रकार नवा धरायचा. १९४० पासून रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आली, वजन मात्र तेच राहिलं, आणि १९४७ चा रुपया निकेलचा. एक्सेलमध्ये सहाव्या जॉर्जचे सगळे रुपये 'चांदी' या एकाच शब्दाखाली होते. तीन थर पडल्यावर ते आपोआप तीन गटांत गेले.

संग्राहकांच्या मूळ मागणीला आता नीट उत्तर देता येऊ लागलं. नाणं हातात घेऊन चार गोष्टी भरल्या की प्रोग्राम तीन पायऱ्यांवर सांगतो: प्रकार आहे, साल-टांकसाळ आहे, हा उपप्रकार नाही. घ्यायचं की सोडायचं, ते मग त्यांनी ठरवावं.

उपप्रकार वेगळा थर करावा का, यावर आमची बरीच चर्चा झाली. विल्यम चौथ्याच्या १८३५ च्या रुपयावर गळ्याच्या कापाशी कोरलेली आद्याक्षरं वेगवेगळी सापडतात. व्हिक्टोरियाच्या १८४० च्या रुपयावर नाव कुठे डोक्यावरून सलग गेलेलं, तर कुठे दोन बाजूंना विभागलेलं असतं. हे फरक ठरावीक रकान्यांत बसत नाहीत, कारण प्रत्येक मालिकेत ते वेगळ्या जागी असतात. म्हणून उपप्रकाराला 'कुठे' आणि 'काय' असे दोन रकाने दिले आणि एका उपप्रकाराला अशा हव्या तितक्या जोड्या लावता येतील अशी सोय केली. ठिपके त्यातच गेले: 'तारखेखाली', 'दोन ठिपके'.

लिहिलेलं आणि ठरवलेलं

या कामाचा गाभा मात्र वेगळाच आहे, आणि तो एका नाण्यावरून स्पष्ट झाला. नोंद अशी होती: 'मुघल, शाह आलम दुसरा, मुर्शिदाबाद, १७७७-७८'. नाणं होतं '१९ सन सिक्का'. त्यावर फारसीत शाह आलमचं नाव आहे, टांकसाळ मुर्शिदाबाद आहे, राज्यवर्ष १९ आहे. नोंद करणाऱ्याने जे वाचलं ते बरोबरच वाचलं. पण हे नाणं कंपनीचं आहे. बंगालमध्ये कंपनीने १९ वं राज्यवर्ष गोठवून ठेवलं आणि तेच वर्ष कोरलेले रुपये पुढे एकोणिसाव्या शतकातही पाडले. त्यातले पुष्कळसे कलकत्त्यात पडले, नाव मात्र मुर्शिदाबादचंच राहिलं. म्हणजे एकाच नाण्यावरचा शासक, टांकसाळ आणि साल, तिन्ही गोष्टी खऱ्याच कोरलेल्या आहेत, आणि नाणं कुठे, कधी, कोणी पाडलं या प्रश्नाला त्यातली एकही सरळ उत्तर देत नाही.

अशा नाण्याला एका 'साल' रकान्यात काय लिहायचं? १७७७ लिहिलं तर चूक, १८२५ लिहिलं तर नाण्यावर ते नाहीच. हा पेच एका रकान्याने सुटत नाही. म्हणून पूर्ण प्रोग्रामभर एकच नियम लावला: नाण्यावर जे दिसतं ते एका जागी, आणि आपण त्यावरून जे ठरवलं ते दुसऱ्या जागी. 'कोरलेलं साल' वेगळं, 'पाडल्याचा काळ' वेगळा. 'कोरलेली टांकसाळ' वेगळी, 'मानलेली टांकसाळ' वेगळी. शासकाचंही तेच.

ऑस्ट्रियाच्या मारिया थेरेसा राणीच्या थेलरने, म्हणजे चांदीच्या मोठ्या नाण्याने, हा नियम परदेशी डब्यालाही लागू पडतो हे दाखवलं. राणी १७८० मध्ये वारली; तिच्या नावाचा थेलर तेच साल घेऊन नंतर शतकानुशतकं पडत राहिला. व्हिएन्नात पडला, तसाच रोम, लंडन, पॅरिस अशा ठिकाणीही पडला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो मुंबईच्या टांकसाळीतही पडला. वर १७८०, आणि पाडल्याचा काळ १९४०-४१. दोन रकाने नसते तर हे नाणं या तक्त्यात कुठेच बसलं नसतं.

ठरवलेली प्रत्येक गोष्ट मी 'दावा' या स्वतंत्र टेबलात टाकली. त्यात कोणत्या नगाबद्दल, कशाबद्दल, काय ठरवलं, कशावरून, कोणी, कधी आणि किती खात्रीने, असे रकाने आहेत. एका नगाबद्दल परस्परविरोधी दावेही राहू शकतात. त्यातल्या एकावर 'सध्या मानलेला' अशी खूण असते. जुना दावा पुसायचा नाही, नवा वर ठेवायचा. संग्राहकांना हे सुरुवातीला जड वाटलं. "मला माहीत आहे ते, मग 'कशावरून' कशाला भरू?" असं ते म्हणाले. मी त्यांना त्यांचीच 'शिवकालीन?' ही नोंद दाखवली आणि विचारलं, "हे प्रश्नचिन्ह तुम्हीच टाकलंय. कशामुळे टाकलंत?" ते त्यांनाही आठवेना.

शिवराईच्या बाबतीत तर या टेबलाशिवाय पान हलत नाही. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति' हा मजकूर शिवाजी महाराजांनी १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू केला. नाण्यावर साल नाही. हाच मजकूर घेऊन तांब्याच्या शिवराया त्यांच्यानंतरही दीर्घकाळ पडत राहिल्या, अक्षरवळण बदलत गेलं, लेखनातही फरक पडत गेले. हातातली शिवराई महाराजांच्या हयातीतली असावी असं प्रत्येक संग्राहकाला वाटतं, आणि ते वाटणं मी समजू शकतो. पण तक्त्यात 'शिवकालीन' हा शब्द दावा म्हणूनच यायला हवा, आधारासकट: अक्षरांचं वळण, वजन, बिंदूंची कड, कुठल्या अभ्यासकाने काय म्हटलंय ते. ज्या शिवराईला आधार नाही तिचा काळ मोठा ठेवायचा. शिवराईचा मान त्याने कमी होत नाही.

साल, आणि त्याचे प्रकार

कोरलेलं साल मजकूर म्हणूनच ठेवलं, आकडा म्हणून नाही. त्याशेजारी 'कालगणना' असा रकाना, आणि पाडल्याच्या काळासाठी इसवी सनाचे दोन रकाने: पासून, पर्यंत.

हिजरी वर्ष चांद्र, साधारण ३५४ दिवसांचं. त्यामुळे एक हिजरी वर्ष बहुतेक वेळा इसवी सनाच्या दोन वर्षांत पसरतं. हिजरी ११०० म्हणजे १६८८-८९. मुघल रुपयावर बरेचदा हिजरी साल एका बाजूला आणि जुलूस, म्हणजे राज्यवर्ष, दुसऱ्या बाजूला असतं. दोन्ही असतील तर काळ अरुंद होतो. ती मोजणी प्रोग्राम करून देतो, पण सुचवणी म्हणून. ती दाव्यातच जाते. उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्की नाण्यांची रीत आणखी वेगळी. त्यांच्यावर सुलतान गादीवर आला ते साल असतं आणि सोबत राज्यवर्ष. १३२७ आणि ७ असं दिसलं तर बेरीज करून एक वजा करायचा: १३३३, म्हणजे १९१४-१५. नुसतं १३२७ वाचून १९०९ लिहिलेल्या बऱ्याच नोंदी परदेशी डब्यात होत्या. जपानी नाण्यांवर सम्राटाच्या कालखंडाचं वर्ष असतं. शोवा ३९ म्हणजे १९६४. हे सगळं एकाच रूपांतरणाच्या टेबलात बसलं, कारण कोरलेला मजकूर शाबूत होता. जिथे संग्राहकांनी वहीत थेट इसवी सन लिहिलं होतं, तिथे नाणं पुन्हा हातात घेण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

रिकाम्या रकान्याचा अर्थ

स्वतंत्र भारताच्या नाण्यांवर टांकसाळीची खूण सालाखाली असते: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नॉयडाचा ठिपका. कोलकात्याची खूणच नाही. आता एक्सेलमधला रिकामा रकाना काय सांगतो? नाणं कोलकात्याचं आहे, की खूण बघायची राहिली, की झिजून गेल्यामुळे दिसत नाही? तिन्ही शक्य, आणि तिन्ही शेकडो ओळींत मिसळलेल्या.

इथे 'खूण' या रकान्याला रिकामं राहायची मुभाच काढून टाकली. पर्याय असे: अमुक खूण दिसली, बघितलं आणि खूण नाही, झीज झाल्याने सांगता येत नाही, अजून बघितलेलं नाही. जुन्या सगळ्या रिकाम्या ओळी 'अजून बघितलेलं नाही' मध्ये ढकलल्या. तो आकडा पाहून संग्राहक दचकले, पण कामाचा खरा आवाका तेवढाच होता.

खुणेची जागाही वेगळी नोंदवावी लागते. १९८५ च्या एक रुपयावर सालाच्या पहिल्या आकड्याखाली हिरा असेल तर ते नाणं ब्रिटनमधल्या लँट्रिसंटच्या टांकसाळीतलं, मुंबईचं नव्हे. 'हिरा' एवढंच लिहिणाऱ्या नोंदीत दोन देश एकत्र होतात.

मूल्य, आणि एक्सेलने केलेली डिसेंबरची पहिली तारीख

आण्यांच्या हिशेबात १ रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे, १९२ पै. १ एप्रिल १९५७ पासून १०० नवे पैसे. त्यामुळे १९५० चा घोड्याचा 'एक पैसा' रुपयाचा चौसष्टावा भाग आणि १९५७ चा 'नया पैसा' शंभरावा. तो तर नाण्यावरच 'रुपये का सौवाँ भाग' असं सांगतो. पुढे १९६४ मध्ये 'नया' गळला आणि पुन्हा नुसता 'पैसा' उरला. नावाने क्रम लावला की चौसष्टावा आणि शंभरावा भाग शेजारी येऊन बसतात. म्हणून मूल्याचे तीन भाग केले: नाण्यावरचे शब्द जसेच्या तसे, एककाचं नाव, आणि मुख्य चलनाचा भाग म्हणून अंश व छेद असे दोन पूर्णांक. पाव आणा १/६४, एक पै १/१९२. दशांश अपूर्णांक मुद्दाम टाळले. १/१९२ दशांशात पूर्ण लिहिता येत नाही आणि मग 'दोन मूल्यं सारखी आहेत का' ही साधी तपासणी फसते.

जुन्या फाइलमध्ये मात्र १/१२ आण्याच्या जागी '०१-डिसें' बसलं होतं, १/४ च्या जागी '०१-एप्रि', १/२ च्या जागी '०१-फेब्रु'. काही ठिकाणी कुणीतरी रकान्याचा प्रकार बदलून मजकूर केला होता, तिथे ४५६२७ सारखे पाच आकडे उरले होते. एक्सेल अशा अपूर्णांकाला तारीख समजतं आणि आतमध्ये दिवसांचा क्रमांक साठवतं.

हे सगळं परत मिळवता आलं. क्रमांकाची तारीख करायची, तारखेतला दिवस आणि महिना घ्यायचा. या मालिकेत अंश नेहमी १ असतो, म्हणून दुसरा आकडा हाच छेद. संगणकावर दिवस-महिना उलट क्रमाने मांडलेला असला तरी उत्तर तेच येतं. यातून एक अनपेक्षित फायदाही झाला. अशा तारखेला एक्सेल चालू वर्ष स्वतःहून जोडतं. त्यामुळे ती ओळ कोणत्या वर्षी टंकली गेली, हे बिघडलेल्या रकान्यानेच सांगितलं. ज्या नोंदींवर नोंद केल्याची तारीख कुठेच नव्हती, त्यांना निदान वर्ष तरी मिळालं.

नगाचा क्रमांक

वहीत क्रमांकांची एक पद्धत होती: देशाचं अक्षर, राजाचं अक्षर, साल, अनुक्रम. दिसायला सुंदर. पण '१९ सन' च्या रुपयाचा क्रमांक 'मु' ने सुरू होत होता, आणि आता तो कंपनीचा ठरला. क्रमांक बदलायचा, की चुकीचा तसाच ठेवायचा? नव्या रचनेत नगाचा क्रमांक हा निव्वळ चढता आकडा आहे, त्यात कसलाही अर्थ नाही. तोच पाकिटावर, तोच फोटोच्या फाइलच्या नावात. नाण्याबद्दलचं आपलं मत कितीही बदललं तरी पाकिटाला हात लावावा लागत नाही. जुना क्रमांक 'वहीतला क्रमांक' म्हणून जपला आहे; वही अजून संदर्भाला लागते.

संदर्भसूचींचे क्रमांकही वेगळ्या टेबलात गेले. एकाच नाण्याला क्राउझचा एक क्रमांक असतो, प्रिडमोरचा दुसरा. शिवाय क्राउझचे क्रमांक काही वेळा आवृत्तीगणिक बदललेले सापडतात, म्हणून सोबत आवृत्तीचा रकाना हवाच.

सगळ्याच नाण्यांना स्वतंत्र नग करायचा आग्रह मी धरला नाही. नव्या पैशांच्या पुरचुंडीला 'गट' म्हणून एक ओळ आणि नगसंख्या पुरेशी आहे. त्यातलं एखादं वेगळं काढलं की त्याला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि गटातून एक वजा होतो.

आधी तराजू, मग ओळख

नोंद करायचा फॉर्म हाताच्या हालचालींच्या क्रमाने लावला. वजन, व्यास, कड, दोन्ही बाजूंचा दिसणारा मजकूर, फोटो, आणि त्यानंतर ओळख. "मला बघताक्षणी कळतं हा कोणता रुपया आहे," हा संग्राहकांचा मुद्दा खराच होता. अडचण अशी, की ओळख आधी पटली की माणूस बाकीचं पाहत नाही, गृहीत धरतो. म्हणून पहिल्या पानावर ओळखीचा रकाना ठेवलाच नाही.

वजन मिलिग्रॅममध्ये पूर्णांक म्हणून साठतं. ठरलेल्या वजनापासून दोन टक्क्यांहून जास्त लांब असलेले रुपये दाखव, अशी एक चौकशी लिहिली. तिने जी यादी दिली त्यात तीन तऱ्हा निघाल्या. काही नुसते झिजलेले. काहींना कधीतरी कडी जोडलेली होती आणि ती काढताना कड घासली गेली होती. आणि थोडे असे, की ज्यांच्या पृष्ठभागावर ओतकामाचे बारीक खड्डे दिसत होते. या शेवटच्यांची घनता पाण्यात वजन करून पाहिली. ९१.७ टक्के चांदी आणि उरलेलं तांबं यांची घनता घन सेंटिमीटरला साधारण १०.३ ग्रॅम येते, यांची त्याहून बरीच कमी आली, म्हणजे ही ओतून केलेली बनावट नाणी असावीत. घनता हाही मोजमापाचा एक रकाना आहे, पण ऐच्छिक. प्रत्येक नाण्याला पाण्यात घालायची गरज नसते.

कडेचा फोटो सक्तीचाच हवा, यावर मी ठाम होतो. '१९ सन' च्या रुपयांवर कडेच्या रेघा तिरप्या असतील तर नाणं आधीचं, सरळ असतील तर नंतरचं, कड सपाट असेल तर शेवटच्या टप्प्यातलं. दर्शनी बाजू गोठलेली असताना काळ सांगते ती कड. पाकिटात घातलेल्या नाण्याची नेमकी तीच दिसत नाही.

दर्जाबद्दल थोडक्यात. शेल्डनची १ ते ७० ही मोजपट्टी १९४९ मध्ये अमेरिकेच्या जुन्या मोठ्या सेंटसाठी आली आणि नंतर सगळीकडे पसरली. आम्ही दर्जा मजकूर आणि आकडा असा दोन्ही ठेवला, सोबत कोणी दिला ते. 'साफ केलेलं' ही खूण दर्जापासून वेगळी ठेवली, कारण घासून चकचकीत केलेलं नाणं आकड्यात चांगलं दिसू शकतं.

शोध

देवनागरीत शोध नीट चालायला जास्त कष्ट पडले. डेटाबेस एसक्यूलाइटचा. त्यातल्या मजकूर-शोधाची नेहमीची शब्दतोड अक्षरं आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानते. काना, वेलांटी, मात्रा यांना ती विभाजक समजते. 'शिवराई' चे तुकडे पडतात: 'श', 'वर', 'ई'. मग कुणी 'वर' शोधलं की शिवराया समोर येतात. स्वरचिन्हांच्या युनिकोड वर्गांना शब्दाचा भाग मान, असं टेबल तयार करतानाच सांगावं लागतं. ते सांगितलं की प्रश्न मिटतो.

'छत्रपति' आणि 'छत्रपती' यांचं काय, हा पुढचा मुद्दा. नाण्यावरचं लेखन सुधारायचं नाही. ऱ्हस्व-दीर्घ हा शिवराईच्या अभ्यासाचाच भाग आहे. म्हणून कोरलेला मजकूर जसाच्या तसा ठेवून शेजारी एक लपलेला रकाना केला. त्यात सगळ्या वेलांट्या आणि उकार एकाच रूपात आणलेले असतात, आणि शोध त्यावर चालतो. फारसी मजकूर फारसी लिपीत आणि देवनागरी उच्चारात असा दोन्ही ठेवला आहे.

एसक्यूलाइट निवडण्याचं कारण साधं: सगळं एका फाइलमध्ये, सर्व्हर नको. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्या लागतात. टेबलांमधले दुवे तपासण्याची सोय सहसा बंद असते, प्रत्येक वेळी फाइल उघडताना ती चालू करावी लागते. आणि टेबल 'स्ट्रिक्ट' केलं नाही तर आकड्याच्या रकान्यात 'दहा' हा शब्दही बिनतक्रार बसतो. रोजची प्रत काढताना चालू फाइल नुसती उचलून ठेवत नाही, डेटाबेसचीच प्रत काढायची आज्ञा वापरतो. महिन्याला एकदा सगळी टेबलं साध्या मजकुराच्या फाइलमध्येही उतरतात. त्यांच्या सुरुवातीला युटीएफ-८ या मजकूर साठवण्याच्या पद्धतीची खूण (बीओएम) घातली नाही तर एक्सेल देवनागरीचा चुरा करून दाखवतं. दुसऱ्या संग्राहकाला द्यायची यादी वेगळी निघते, तिच्यात खरेदीची माहिती आणि नाणं कुठे ठेवलंय ते कधीच येत नाही.

सध्याची स्थिती

ब्रिटिश भारताचा भाग पूर्ण भरून झाला आहे. सहा १८६२ चे रुपये आता सहा वेगळ्या ओळी म्हणून दिसतात, आणि त्यातले दोन खरं तर एकच उपप्रकार आहेत हेही त्यातूनच कळलं. वहीत एकाचे ठिपके वरून मोजले होते, दुसऱ्याचे खालून. 'अजून बघितलेलं नाही' ची संख्या हळूहळू उतरते आहे. परदेशी डब्यातली उस्मानी नाणी पुन्हा वाचून झाली, जपानी बाकी आहेत.

शिवरायांसाठी 'ठसा' नावाचं चौथं टेबल रचून ठेवलं आहे. दोन नाणी एकाच ठशातून पडली आहेत असं अक्षरांच्या जागांवरून सिद्ध झालं, तर एकीबद्दलचा पुरावा दुसरीलाही लागू होतो. साल नसलेल्या नाण्यांचा काळ अरुंद करायला याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. त्या टेबलात अजून एकही ओळ नाही. आधी सगळ्या शिवरायांचे फोटो एकाच अंतरावरून, एकाच बाजूच्या प्रकाशात नव्याने काढायचे आहेत, आणि त्यासाठीची चौकट संग्राहकांनी करायला घेतली आहे.